औषधाचे मोल आणि नावाचे मोल

वडोदऱ्यातील प्रतापनगर हे रेल्वेचे गाव म्हणावे लागेल. गायकवाडांच्या अरुंदमापी रेल्वेचा वारसा येथे जपलेला आहे, पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागाचे कार्यालय येथे आहे आणि रेल्वेचे रुग्णालयही येथेच आहे. या वस्तीत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन वृद्धांची कल्पना करावी. एक रेल्वेतून निवृत्त झालेला. दुसरा आयुष्यभर कुणाच्या पेढीवर हिशेब लिहून घरी बसलेला. दोघांचेही वय पासष्टीच्या पुढे, दोघांनाही हृदयविकाराचा एकेक झटका येऊन गेलेला, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कमी ठेवण्यासाठी रोज रात्री एक गोळी घ्यावी असे दोघांनाही डॉक्टरांनी बजावलेले. पहिल्याने निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरून रेल्वेच्या आरोग्य योजनेत नाव राखले आहे; त्याला ती गोळी रुग्णालयाच्या खिडकीवर विनामूल्य मिळते. दुसरा चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानी जातो आणि चिठ्ठीवर जे नाव असेल त्याची जी किंमत असेल ती मोजतो. महिनाअखेर पैसे कमी पडले की तो एक दिवसाआड गोळी घेऊ लागतो. रोग तोच आणि औषधही तेच. तरीही एकाचे औषध अखंड चालते व दुसऱ्याचे खंडित होते. हा भेद दैवाने केलेला नाही. तो आपल्या औषधव्यवस्थेने केलेला आहे. आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो तो प्रश्न हाच.

या गोळीचे महत्त्व प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७३ साली एका बुरशीपासून कोलेस्टेरॉलच्या निर्मितीला आळा घालणारे द्रव्य वेगळे काढले आणि स्टॅटिन या औषधवर्गाची वाट मोकळी झाली. १९८७ मध्ये या वर्गातील पहिले औषध अमेरिकेत विक्रीस आले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब असा की, घातक कोलेस्टेरॉलची पातळी सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरली की हृदयविकार व पक्षाघात यांचे गंभीर प्रसंग सुमारे एक पंचमांशाने टळतात. आपल्याकडे या वर्गातील सर्वांत परिचित औषध म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन.

परंतु या औषधाचा स्वभाव विचित्र आहे. तापाची गोळी घेतली की ताप उतरतो आणि रोग्याला गुण कळतो. येथे तसे काही नाही. गोळी घेतल्याने बरे वाटत नाही आणि न घेतल्याने तत्काळ वाईटही वाटत नाही. तिचा लाभ म्हणजे न आलेला झटका; आणि जे घडलेच नाही त्याचे श्रेय कोण कोणास देणार? त्यात ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. अशा औषधाच्या बाबतीत किमतीचा प्रश्न दुय्यम नसून मुख्य ठरतो. ज्या खर्चाचे फळ डोळ्यांना दिसत नाही, तोच खर्च गरीब माणूस सर्वांत आधी कापतो. मुलाच्या शाळेची फी, घरभाडे, चतुर्थीचा बाजार यांच्या पुढे रात्रीची ती पांढरी गोळी कशी टिकणार?

वस्तुतः हे औषध महाग असण्याचे कारण नाही. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालाच्या आधारे आपल्या संसदेने १९७० चा पेटंट कायदा केला आणि तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषध या वस्तूवर मक्तेदारी नाही, ती बनविण्याच्या पद्धतीपुरतीच ती आहे, असे तत्त्व त्याने स्वीकारले. २००५ च्या आरंभी वस्तूवरील पेटंट पुन्हा आले, परंतु तोवर भारतीय कारखाने जगातील बहुतेक औषधे स्वतःच्या हिकमतीने बनवू लागले होते. अमेरिकेत ॲटोरव्हास्टॅटिनवरील मक्तेदारी २०११ च्या नोव्हेंबरात संपली. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून देशी कंपन्यांची गोळी दुकानात होती. या उद्योगाच्या पायाभरणीत वडोदऱ्याचा वाटा मोठा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापिलेल्या कलाभवनाची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांनी वाहिली. त्यांच्या प्रेरणेने त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक हा कारखाना काढला. पुढे साराभाईंचा औषध कारखानाही याच नगरीत उभा राहिला. म्हणजे प्रतापनगरातील तो दुसरा वृद्ध औषधांच्या दुर्भिक्षात राहत नाही. तो औषधांच्या आगरात राहतो.

मग त्याला ते परवडत का नाही? अठरा देशांतील घरे आणि औषधांची दुकाने तपासून २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा पुन्हा झटका येऊ नये म्हणून लागणारी चार औषधे, ज्यांत स्टॅटिन आहे, कुठे मिळतात व कुणाला परवडतात याची ती पाहणी होती. भारतात शहरी वस्त्यांपैकी ८९ टक्के व ग्रामीण वस्त्यांपैकी ८१ टक्के ठिकाणी ही चारही औषधे उपलब्ध होती. अन्य गरीब देशांत हेच प्रमाण शहरांत २५ व खेड्यांत अवघे ३ टक्के होते. येथवर छाती फुगावी असेच चित्र आहे. परंतु पुढला आकडा मान खाली घालावयास लावणारा आहे. ज्यांना ही औषधे परवडण्याजोगी नाहीत अशा घरांचे प्रमाण त्या गरीब देशांत ६० टक्के होते आणि भारतात ५९ टक्के. दुकान भरलेले असूनही घर रिकामेच राहावे, अशी ही विपरीत अवस्था आहे.

या विपरीताचे मूळ नावात आहे. औषधाला दोन नावे असतात. एक त्यातील द्रव्याचे, जे जगभर एकच. दुसरे कंपनीने दिलेले व्यापारी नाव. आपल्याकडे जेनेरिक म्हणून जे ओळखले जाते त्यातही बहुतांश माल कुठल्या ना कुठल्या व्यापारी नावानेच विकला जातो. एकच कारखाना अनेक कंपन्यांसाठी तीच गोळी बनवितो, पट्टीवरील छपाई तेवढी बदलते, आणि त्या छपाईगणिक किंमत बदलते. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" ही म्हण येथे उलटी करून घ्यावी लागेल: हाती तोच वाळा, परंतु सोनूबाई म्हटले की सोन्याचा भाव!

इतर कुठल्याही बाजारात ग्राहक अशा वेळी स्वस्त माल उचलतो. औषधाच्या बाजारात त्याला ती मुभा नाही. घेणारा रोगी, निवडणारा डॉक्टर आणि निवडीसाठी आर्जव करणारी कंपनी, असा हा तिहेरी व्यवहार आहे. शिवाय कायद्याने दार आणखी घट्ट लावले आहे. १९४५ च्या औषध नियमांतील ६५ (११ अ) या कलमानुसार चिठ्ठीवर दिल्या जाणाऱ्या औषधाऐवजी विक्रेत्याला दुसरी गोळी देता येत नाही, मग तिच्यात तेच द्रव्य का असेना. चुकीचे औषध रोग्याच्या हाती पडू नये हा या नियमाचा हेतू रास्तच होय. परंतु त्याचा परिणाम असा झाला की चिठ्ठीवर एकदा व्यापारी नाव उमटले की रोग्याच्या खिशाचे भवितव्य ठरून जाते. दोन पट्ट्यांतील फरक दिवसाला दहा रुपये धरला तरी वर्षाचे ३,६५० रुपये होतात. आणि वृद्ध दांपत्यापैकी दोघांनाही गोळी चालू असेल तर दुप्पट.

हे दुखणे नवे नाही आणि त्याचे निदानही नवे नाही. गुजरातचेच जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत अशी निःसंदिग्ध शिफारस केली होती. सरकारने धाडस केले ते अवघ्या पाच औषधांपुरते, आणि तेही न्यायालयात टिकले नाही. तद्वतच किंमत नियंत्रणाचे झाले. १९७९ च्या आदेशान्वये ३४७ औषधे नियंत्रणाखाली होती; १९८७ मध्ये ती १४२ उरली, आणि १९९५ मध्ये पाऊणशेच्या घरात आली. नियंत्रणाचे छत्र असे आकसत असतानाच हृदयविकार, मधुमेह व रक्तदाब ही दुखणी घरोघर पसरत होती.

हा ओघ थोडाफार उलटला त्यामागे प्रतापनगरच्याच शहरातील एका संस्थेचा हात आहे. 'लोकॉस्ट' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा सार्वजनिक विश्वस्त निधी १९८३ साली वडोदऱ्यात स्थापन झाला. नफा हे उद्दिष्ट न ठेवता आवश्यक औषधे स्वतःच्या कारखान्यात बनवावयाची, ती मूळ नावानेच द्यावयाची आणि देशभरच्या धर्मादाय रुग्णालयांना व सेवाभावी संस्थांना पुरवावयाची, असा तिचा परिपाठ आहे. जाहिरात, व्यापारी नाव आणि आर्जवाचा खर्च वगळला तर चांगल्या औषधाची रास्त किंमत किती असू शकते, याचा तो चालताबोलता पुरावा होय. याच संस्थेने 'ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क' व अन्य संस्थांसह २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या रेट्याखाली केंद्र सरकारला आवश्यक औषधांची राष्ट्रीय यादी संपूर्णपणे नियंत्रणाखाली आणावी लागली. २०१२ चे धोरण आणि १५ मे २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश हे त्याचे फळ. ॲटोरव्हास्टॅटिन त्या यादीत आहे.

परंतु फळ आले ते किडके. पूर्वीच्या पद्धतीत कारखान्यातील खर्च मोजून त्यावर कमाल शंभर टक्के भर देऊन किंमत ठरे. नव्या आदेशाने खर्चाचा हिशेबच सोडून दिला. ज्या कंपन्यांचा बाजारातील वाटा एक टक्का वा अधिक आहे, त्यांच्या चालू किमतींची साधी सरासरी काढावयाची, तीत विक्रेत्याचे १६ टक्के मिळवावयाचे आणि तीच कमाल किंमत म्हणून जाहीर करावयाची! ज्या फुगलेल्या किमतींविरुद्ध गाऱ्हाणे होते, त्याच किमतींना नियंत्रणाची गजकाठी करण्यात आली. चोरालाच पाहरा देण्याचा हा प्रकार नव्हे काय? शिवाय घाऊक किमतींचा निर्देशांक चढला की ही मर्यादाही वाढविता येते. २०२२ मध्ये ती १०.७७ टक्क्यांनी, तर २०२३ मध्ये १२.१२ टक्क्यांनी वाढविण्याची मुभा मिळाली. त्या दोन वर्षांत निवृत्तिवेतन नसलेल्या किती वृद्धांचे उत्पन्न त्या गतीने वाढले, हे सांगावयास नको. २०२५ च्या सप्टेंबरात औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला, तो दिलासा खरा. परंतु कर हा किमतीवर बसतो, आणि प्रश्न मूळ किमतीचा आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००८ साली सुरू झालेली जनऔषधी योजना बरीच वर्षे रांगत होती; गेल्या दशकात तिने बाळसे धरले आणि २०२५ मध्ये अशा दुकानांची संख्या पंधरा हजारांवर गेली. तेथील औषधाची किंमत पहिल्या तीन व्यापारी नावांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक असू नये असा दंडक आहे, आणि प्रत्यक्षात ती पुष्कळदा त्याहूनही बरीच खाली असते. ज्या सरकारला निम्म्याहून कमी किमतीत तीच गोळी विकता येते, त्याच सरकारने बाजारातील गोळीला दुपटीहून अधिक किंमत लावण्याची मोकळीक द्यावी, यातच कमाल किमतीच्या सूत्राचा फोलपणा सिद्ध होतो. पण जनऔषधीच्या दारातही चिठ्ठीची अडचण उभी राहतेच. चिठ्ठीवर द्रव्याचे नाव असेल तर तेथे जाण्यात अर्थ. व्यापारी नाव असेल तर रोगी बिचकतो आणि नेहमीच्या दुकानाकडे वळतो.

डॉक्टरांनी मूळ नावेच लिहावीत असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये कडक केला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी तो अधिक कठोर स्वरूपात पुन्हा आणला आणि तीनच आठवड्यांत, २३ ऑगस्टला, स्थगित केला. डॉक्टरांचा आक्षेप मात्र आम्ही झटकून टाकू इच्छित नाही. मूळ नाव लिहिले तर कोणत्या कंपनीची गोळी द्यावयाची ते दुकानदार ठरविणार, आणि तो ज्या गोळीत नफा अधिक तीच देणार. मग रोग्याचे हित डॉक्टरांच्या हातून सुटून गल्ल्यावर गेले, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांनी २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात कोवळ्या मुलांचे बळी घेतल्याचे जगाने पाहिले. स्वस्त म्हणजे कसदार नव्हे, ही शंका लोकांच्या मनात उगाच आलेली नाही.

तथापि या शंकेचे उत्तर महाग नाव हे असू शकत नाही. गोळीचा दर्जा हा तिच्यावरील छपाईतून येत नाही. तो कारखान्यातील शिस्तीतून आणि सरकारी तपासनिसाच्या सचोटीतून येतो. ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांना नवा परवाना देताना ते मूळ औषधाइतकेच रक्तात उतरते याचा पुरावा घेण्याचे बंधन २०१७ पासून आहे. कारखान्यांच्या शिस्तीचे नियमही २०२३ च्या अखेरीस नव्याने जारी झाले. उणीव आहे ती अंमलाची. दर्जाची हमी देणे हे राज्याचे कर्तव्य. ते पार पडत नाही म्हणून रोग्याने नावापायी अधिक दाम मोजावे, हा न्याय अजब होय. गावचा पाणवठा स्वच्छ राखणे हे पंचायतीचे काम. ते न करता बाटलीतले पाणी विकत घ्या असा सल्ला तिने द्यावा, त्यातलाच हा प्रकार.

वडोदऱ्याची ही कथा गोव्यात बसून का सांगावी, असे कुणी विचारील. तर आपली अवस्था त्याहून वेगळी नाही, किंबहुना अधिक निकडीची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते गोव्यात: २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे. चाळिशी उलटलेल्या बहुतेक मधुमेह्यांना स्टॅटिन द्यावे असा वैद्यकशास्त्राचा सल्ला असतो. तेव्हा ही गोळी गोव्यातील किती घरांचा प्रश्न आहे हे उघड आहे. दुसरीकडे वेर्णा, पिळर्ण, बेतोडा येथील कारखान्यांतून औषधे देशोदेशी जातात. आपणही औषधांच्या आगरातच राहतो.

आपल्याकडे दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख व त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अशा योजनांचा रोख रुग्णालयातील उपचारांवर आणि शस्त्रक्रियांवर असतो. रक्तवाहिनी तुंबल्यावर ती उघडण्याची व्यवस्था आपण केली. ती तुंबू नये म्हणून रोज लागणारी गोळी मात्र रोग्याच्या पदरी टाकली. घराला आग लागल्यावर बंब धावून येतो, पण चुलीतील निखारा विझविण्यास कुणी पाणी देत नाही! नुसत्या हिशेबाने पाहिले तरी हे शहाणपणाचे नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, राज्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टॅटिन, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी निदान महिन्याभराच्या, विनामूल्य आणि विनाखंड मिळाव्यात. सरकारी आरोग्य केंद्रात मोफत औषध देण्याचा प्रघात आपल्याकडे आहेच. त्याला सातत्याची जोड हवी. तामिळनाडूने नव्वदीच्या दशकात औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारून आणि राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना राबवून हा मार्ग दाखविला आहे. गोव्यासारख्या आटोपशीर राज्याला तो अवघड नाही. दुसरी, सरकारी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्रव्याचे नाव सुवाच्य अक्षरांत असलेच पाहिजे. तिसरी, अन्न व औषध प्रशासनाने बाजारातून घेतलेल्या नमुन्यांचे निकाल मराठी व कोकणीतून नियमित प्रसिद्ध करावेत, म्हणजे शंकेची जागा माहिती घेईल. चौथी केंद्राकडे: कमाल किंमत पुन्हा निर्मितीखर्चाला जोडावी आणि ६५ (११ अ) हे कलम असे सुधारावे की, चाचणीत उतरलेल्या समद्रव्य औषधांपैकी स्वस्त ते मागण्याचा अधिकार रोग्याला मिळेल.

वाचकांपाशीही एक मागणे आहे. पैशाअभावी गोळी बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने ती बदलूही नका. पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा संकोच सोडून एवढेच विचारा, "डॉक्टर, यातील औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का? यातले स्वस्त मला चालेल का?" भला डॉक्टर या प्रश्नाने रागावणार नाही, आणि जो रागावेल त्याचा राग सोसण्याइतकी ही बाब महत्त्वाची आहे.

प्रतापनगरातील त्या निवृत्त रेल्वे नोकराला जे मिळते ते फुकटचे नव्हे. आयुष्यभर ज्यांची नोकरी केली त्यांनी आपल्या म्हातारपणाची जबाबदारी उचलावी, एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्याच्या शेजारच्या हिशेबनिसानेही आयुष्यभर घाम गाळलाच. खाजण राखणाऱ्यानेही गाळला, मासळीची पाटी वाहणारीनेही गाळला आणि मंदिराच्या दारात फुले विकणाऱ्यानेही गाळला. त्यांचा धनी कोण, असा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर राज्य हेच आहे. दोन शेजाऱ्यांच्या उशाशी रात्री एकच गोळी असावी आणि ती दोघांनाही तीसही दिवस पुरावी, एवढे साधता आले नाही, तर जगाचे औषधालय ही बिरुदावली मिरविण्यात काही अर्थ नाही.